‘बजेट आलं नाही’ हे उत्तर लेखी मागा

प्रश्न : माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, 75 टक्के बौद्धिक दिव्यांग. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला महिन्याला 1500 रुपये मिळतात. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2500 झाले असं ऐकलं. आमच्या गल्लीतल्या एका दिव्यांग माणसाला ते मिळतातही. आमच्या खात्यात पाच महिने झाले तरी 1500च येतात. तहसीलला तीन खेपा घातल्या. एकदा म्हणाले, बजेट आलं नाही. एकदा म्हणाले, पोर्टलवर दिसत नाही. मुलाकडे सिव्हिल हॉस्पिटलचा 2019 चा दाखला आहे. बजेट नाही म्हणून पैसे अडवता येतात का? मागचे मिळतील का?
– एक आई, मराठवाडा

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला पासबुकाचा फोटो मी नीट पाहिला. दर महिन्याला 1500 जमा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 1400 काढलेले. खात्यात शंभर रुपये मागे ठेवून चाललेल्या घरात पाच महिन्यांचे पाच हजार म्हणजे काय, हे मला कळतं.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. नाही, असे पैसे अडवता येत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं ही हजार रुपयांची वाढ मंजूर केली, ती संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांसाठी आहे. शासनाचा निर्णय झाला की तो कोणाला लागू करायचा आणि कोणाला नाही, हे खिडकीवर बसलेल्या माणसानं ठरवायचं नसतं. आणि तुमच्याच गल्लीत, त्याच तहसीलच्या यादीतल्या माणसाला 2500 मिळत असतील, तर ‘बजेट नाही’ हे कारण तिथंच संपलं.

मग अडलंय कुठं? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा नोंदीत. मुलाचं नाव पोर्टलवर नुसतं ‘निराधार’ म्हणून चढलेलं असतं, ‘दिव्यांग’ या वर्गवारीत नसतं. किंवा यूडीआयडी क्रमांक, म्हणजे दिव्यांगांच्या देशपातळीवरच्या ओळखपत्राचा क्रमांक, भरलेला नसतो. तुमच्याकडचा 2019 चा दाखला हातानं लिहिलेला आहे, त्यावर यूडीआयडी क्रमांक नाही. हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा आजच स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी अर्ज करा. सेतू केंद्रातून किंवा सिव्हिलच्या दिव्यांग कक्षातून होईल. अर्जाची पावती हातात आली की कार्डाची वाट न बघता पुढचं पाऊल टाका.

आणखी एक बघा. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. मुलाच्या नावावर दोन खाती असतील तर पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात न येता आधारला जोडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडतात. तुमचे 1500 येताहेत म्हणजे इथं तरी घोळ दिसत नाही, पण बँकेत एकदा विचारून घ्या.

आता तहसीलदारांच्या नावानं साध्या कागदावर अर्ज लिहा, फार लांबण लावू नका. असा चालेल : ‘माझा मुलगा संजय गांधी योजनेचा लाभार्थी असून 75 टक्के दिव्यांग आहे. त्याची नोंद दिव्यांग वर्गवारीत करून ऑक्टोबर 2025 पासूनची दरमहा 1000 रुपयांची फरकाची रक्कम द्यावी. हे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.’ सोबत दाखला, आधार, पासबुक आणि यूडीआयडीच्या पावतीची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मार्चअखेर व्हायच्या आत हे करा. एप्रिल उजाडला की ‘ते गेल्या वर्षीचं’ असं ऐकवलं जाण्याची भीती असते.

महिनाभरात उत्तर नाही आलं, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेचा दाखला असेल तर तेही नको. विषय एकच आणि 150 शब्दांच्या आत. एवढंच विचारा : माझ्या मुलाची नोंद कोणत्या वर्गवारीत आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून तालुक्यातल्या किती दिव्यांग लाभार्थ्यांना 2500 रुपये दिले? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून बजेटचं काय ते कागदावर येईल.

त्यानंतरची पायरी राज्य दिव्यांग आयुक्त. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेत. ते अधिकाऱ्याला बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचं असतं.

फरकाबद्दल मी खोटी आशा दाखवणार नाही. यूडीआयडी दिला त्या महिन्यापासूनच वाढ, असं कार्यालय म्हणेल. आपलं म्हणणं असं असेल की मुलगा 2019 पासून दिव्यांग आहे, तो दाखला त्यांच्याच फाइलमध्ये आहे, नोंद बदलायला त्यांनी उशीर केला. माझ्या मते ही बाजू भक्कम आहे, पण ती मांडावी लागेल.

याच दिव्यांग हक्क कायद्याचं एक कलम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, ते सांगतोच. कलम 24 म्हणतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी. 2023 च्या अर्थसंकल्पात हजाराचे 1500 झाले, तेव्हा ते सगळ्यांनाच 1500 झाले. त्या हिशेबानं दिव्यांगांना तेव्हाच 1875 मिळायला हवे होते. मात्र त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्दही आहेत, म्हणून सरकारी वकील त्यावर जोर देतील. हा जुना हिशेब तहसीलदाराकडे मागायचा नाही. तो लाभार्थ्यांनी मिळून औरंगाबाद खंडपीठात मांडण्याचा विषय आहे. तुमच्या अर्जात तो घालू नका, अर्ज भरकटेल.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल विचारा.

आवक शिक्क्याची प्रत मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. आयुक्तांकडच्या तक्रारीचा मसुदा मी करून देईन.