अंगठीच्या आत १५ आणि ·६२५ असा छाप, शेजारी नांगर आहे. खरंच जुनी असेल का?

नांगर म्हणजे सोन्याचा कस तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कार्यालयाची खूण. १५ म्हणजे कॅरेट आणि ·६२५ म्हणजे तेच सोन्याचं प्रमाण दशांशात. १५ कॅरेट हा दर्जा ब्रिटनमध्ये १८५४ ते १९३२ एवढाच चालला, त्यामुळे छाप अस्सल असेल तर अंगठी त्याच काळातली. नेमकं वर्ष शेजारच्या अक्षरावरून कळतं. अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट, दोन्ही बर्मिंगहॅमच्या वर्ष-अक्षरांच्या तक्त्याशी जुळायला हवीत.

पण छापावर लगेच विसंबू नका. दुसऱ्या अंगठीचा छाप असलेला तुकडा कापून जोडण्याची लबाडी फार जुनी आहे. अंगठी पुसून आतल्या बाजूला तोंडाची वाफ सोडा आणि दहापट भिंगातून बघा. वाफ विरताना जोडाची रेघ क्षणभर वेगळ्या रंगाची दिसते. बोटाचं माप बदलताना एखादा जोड येतोच, तो चालतो. छापाच्या दोन्ही बाजूंना जोड असेल तर मात्र घेऊ नका.

मग झीज बघा. तळहाताकडची पट्टी पातळ आणि नक्षीच्या कडा गोलसर हव्यात. छाप पुसट आणि नक्षी धारदार हे जमत नाही. कोपऱ्यांत बारीक छिद्रं दिसली तर ती बहुधा जुन्या अंगठीचा साचा घेऊन ओतलेली नक्कल; अशा ओतकामात छापही येतो, पण बोथट.

कस लावायचा तर सोनाराला आतल्या बाजूला हलकी कानस मारून मगच कसोटीवर घासायला सांगा, नाहीतर मुलाम्याचाच कस लागतो. पॉलिश तर अजिबात करू नका, छाप कायमचा जातो.