वर्गात कळतं, मग कागदावर का उतरत नाही?

“फळ्यावरची ओळन् ओळ कळते. घरी प्रश्न घेऊन बसले की पान कोरंच राहतं. गणिताचं डोकं शाळेपुरतंच होतं का माझं?” नंबर थिअरीचा, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा, पहिलाच कोर्स घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. पहिल्या वर्षाची मुलं तो नेहमीच विचारतात.

डोक्याचा विषय बाजूला ठेवून आधी तिची वही पाहिली. आकडेमोड चोख होती. १७ ला कशाने गुणलं तर ४३ ने भागून बाकी १ उरते, हे तिने युक्लिडच्या पद्धतीने काढलं होतं: ४३ = २×१७ + ९, १७ = ९ + ८, ९ = ८ + १. मग उलट चढत १ = २×४३ − ५×१७, म्हणजे उत्तर −५, अर्थात ३८. अडचण पुढच्या पानावर होती.

प्रश्न असा: ब×क ला अ ने भाग जातो आणि अ, ब यांचा मसावि १ आहे, तर क ला अ ने भाग जातो हे सिद्ध करा. तिने लिहिलं होतं, “ब ला अ ने भाग जात नाही, म्हणून क ला जायलाच हवा.” खाली पाच उदाहरणं, पाचही बरोबर.

तिला अ = ६, ब = ४, क = ९ घ्यायला सांगितलं. ३६ ला ६ ने भाग जातो. ४ ला नाही, ९ लाही नाही. “म्हणजे प्रमेय चूक?” नाही. ६ आणि ४ यांचा मसावि २ आहे, तेव्हा प्रमेय इथे लागूच होत नाही. ‘मसावि १’ ही अट सोडून तिने नकळत ‘भाग जात नाही’ ही कमजोर अट धरली होती. अ मूळ संख्या असेल तर या दोन्हींचा अर्थ एकच होतो. तिची पाचही उदाहरणं २, ३, ५ अशा मूळ संख्यांचीच होती, त्यामुळे चूक झाकली गेली.

मग ‘मसावि १’ हातात काय देतो? अ×क्ष + ब×य = १ असे पूर्णांक क्ष, य. १७ आणि ४३ साठी तिने हेच तर काढलं होतं! दोन्ही बाजूंना क ने गुणलं की अ×क×क्ष + ब×क×य = क. डावीकडच्या दोन्ही पदांना अ ने भाग जातो, म्हणून क लाही.

“पण क ने गुणायचं हे सुचणार कसं?” रास्त शंका. पानाच्या तळाशी काय हवंय ते आधी लिहा: क. हातात आहे १. आता गुणायचं कशाने, हे वेगळं सांगावं लागत नाही.

या विषयातल्या सुरुवातीच्या सिद्धता बऱ्याचदा दोन-तीन ओळींच्या असतात, आणि घात तिथेच होतो. मिनिटभरात वाचून होतात, म्हणून आल्यासारख्या वाटतात. तिला तीन आठवड्यांसाठी एवढंच सांगितलं: ‘ब ला अ ने भाग जातो’ दिसलं की लगेच ब = अ×म लिहायचं, म पूर्णांक. तळाची ओळ आधी लिहायची. एक अट काढून विधान मोडणारे आकडे शोधायचे. अर्धा तास झगडल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही. उघडलंच तर दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहायचं. उदाहरणं हवीतच, पण विधान मोडून पाहायला. न² + न + ४१ मध्ये न ० पासून ३९ पर्यंत घ्या, चाळीसही वेळा मूळ संख्या मिळते. ४० ला मिळतो ४१ चा वर्ग.

पुढच्या भेटीत तिने स्वतःच विचारलेला प्रश्न दाखवला: ६×४ आणि ६×९ यांना १० ने भागलं तर बाकी सारखीच, ४, मग ६ काढून टाकल्यावर ४ आणि ९ ची बाकी वेगळी का? खाली तिचंच उत्तर: ६ आणि १० यांचा मसावि २, म्हणून ६ काढला की १० च्या जागी ५ उरतो, आणि ५ ने भागलं तर ४ आणि ९ ची बाकी सारखीच. गृहपाठातले सहापैकी दोन प्रश्न अजून सुटले नव्हते. त्या दोन्ही पानांवर वर अटी समीकरणांत लिहिलेल्या, तळाशी शेवटची ओळ, आणि मधली जागा मोकळी.