टोचलेल्या कानातला पू आणि रक्तातले विषाणू

प्रश्न : आठवड्यापूर्वी जत्रेत कान टोचून घेतले. पाळी लाल झाली आहे, पू येतो. ही एचआयव्हीची किंवा हिपॅटायटिसची सुरुवात असेल का?

उत्तर : नाही. पहिल्या आठवड्यातला असा पू जिवाणूंमुळे होतो, बहुधा त्वचेवरच वावरणाऱ्या स्टॅफिलोकोकसमुळे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी भोकापाशी कसलीही खूण दाखवत नाहीत. जखम छान भरली तरी ते रक्तात वाढत असू शकतात, म्हणून पू थांबला की विषय संपला असे समजू नका. सुई नवी होती का आणि पाकीट तुमच्यासमोर फोडले का, हे आठवा. ज्योतीवर धरलेली किंवा स्पिरिटने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. सर्वांत चिवट हिपॅटायटिस बीचा विषाणू. वाळलेल्या रक्तात तो किमान 7 दिवस टिकतो.

एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता कमी असते, पण सुईबद्दल शंका असेल तर तपासणी कराच. एचआयव्ही रोखणारे औषध 72 तासांच्या आत सुरू करावे लागते; तुमची ती वेळ गेली. आता टोचल्यापासून 6 आठवड्यांनी आणि 3 महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी करा. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत होते. माहितीसाठी 1097 वर फोन करा. हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणी त्याच वेळी करा आणि 6 महिन्यांनी पुन्हा एकदा. बीची लस घेतलेली नसेल तर डॉक्टरांना आजच विचारा. नेहमीचे वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने असे असते.

प्रश्न : मुलाने भिकबाळीसाठी कानाचा वरचा भाग टोचला. तो सुजून लालभडक झालाय. अमॉक्सिसिलिन चालू आहे, पण उतार नाही.

उत्तर : आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. वरच्या भागात कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. पू साचून ते आवरण सुटले की कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो. इथे बहुतेकदा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असतो आणि त्याच्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही. पुवाची कल्चर तपासणी (त्यातला जिवाणू वाढवून ओळखणे) करून सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध द्यावे लागते, कधी चीर देऊन पू काढावा लागतो. वरचा भाग सुजलेला आणि पाळी मात्र जशीच्या तशी, ही या दुखण्याची ओळख, कारण पाळीत कूर्चा नसते. बुगडीसाठी टोचतानाही हाच धोका.

प्रश्न : मग टोचलेल्या जागीच दिसणारा विषाणू नसतोच का?

उत्तर : असतो, पण क्वचित. स्पेनमध्ये काडिझ प्रांतात 2022 साली अंग टोचून देणाऱ्या एका दुकानातून एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) हा विषाणूजन्य आजार पसरला, आणि पुरळ टोचलेल्या जागीच उठले. पाण्याने भरलेल्या फोडांचा घोस आणि आग होणे ही हर्पिसची लक्षणे. कानात नागीण (हर्पिसच्याच कुळातली) उठून तोंड एका बाजूला वाकडे झाले तर विषाणूविरोधी औषध शक्यतो 72 तासांत सुरू व्हावे. नुसती खाज आणि पाण्यासारखा पातळ स्राव असेल तर दोष बहुधा दागिन्यातल्या निकेलचा.

प्रश्न : बाराव्या दिवशी बाळाचे कान टोचावेत का?

उत्तर : थांबा, असेच आमचे मत. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांत मिळतो. पुढचे डोस, धनुर्वाताच्या लसीसह, 6, 10 आणि 14 आठवड्यांना. ते झाल्यावर टोचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर थेट रुग्णालय गाठा.

टोचल्यावर हळद-तेल लावू नका. एक कप (सुमारे 250 मिली) उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा पुसा, हात आधी साबणाने धुऊन. फिरकी सैल ठेवा, म्हणजे सूज आली तरी ती पाळीत रुतणार नाही. किमान 6 आठवडे दागिना काढू नका. पू आला तरी दागिना स्वतः काढू नका. भोक वरून मिटते आणि पू आतच कोंडतो.