वाचकांचे प्रश्न : आयपी पत्त्यांचे वर्ग आणि मास्क

प्रश्न : मी सोलापूरला संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. १० ने सुरू होणारा आयपी पत्ता ‘ए’ वर्गाचा असतो आणि त्याचा मास्क २५५.०.०.० असतो, असे पुस्तकात दिले आहे. आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांचे पत्तेही १० नेच सुरू होतात, पण त्यांचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे. यांपैकी बरोबर काय?

उत्तर : प्रयोगशाळेतील मास्क बरोबर आहे. पुस्तकातील नियम एके काळी खरा होता, पण १९९३ नंतर इंटरनेटची आखणी त्या नियमाने होत नाही.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातील पुढचा भाग नेटवर्क कोणते ते सांगतो आणि उरलेला भाग त्या नेटवर्कमधील संगणक कोणता ते सांगतो. हे दोन भाग नेमके कोठे वेगळे होतात ते मास्क दाखवतो; त्यातील प्रत्येक २५५ म्हणजे नेटवर्कचे आठ बिट. ती सीमा कोणी ठरवायची, एवढाच जुन्या आणि नव्या पद्धतीतील फरक आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने (आरएफसी ही इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांची मालिका) ती सीमा पत्त्याच्या सुरुवातीच्या बिटांवरूनच ओळखायची असे ठरवले. पहिला बिट ० असेल तर ए वर्ग, म्हणजे नेटवर्कसाठी ८ बिट; पहिले दोन बिट १ आणि ० असे असतील तर बी वर्ग आणि १६ बिट; पहिले तीन बिट १, १, ० असे असतील तर सी वर्ग आणि २४ बिट. आपल्या एसटीडी कोडची रचना अशीच आहे. सुरुवातीचे शून्य सोडले तर एकूण आकडे दहाच, पण मुंबईचा कोड दोन आकडी, सोलापूरचा तीन आकडी आणि पंढरपूरचा चार आकडी असल्यामुळे स्थानिक क्रमांकासाठी अनुक्रमे आठ, सात आणि सहा आकडे उरतात. पत्ता पाहताच सीमा कळत असल्यामुळे राऊटरांना, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे माहिती पोहोचवणाऱ्या यंत्रांना, एकमेकांकडे मास्क पाठवावा लागत नसे, आणि आरआयपीच्या (राऊटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या एका पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीच्या संदेशात मास्क नसतो तो याच कारणाने.

अडचण होती ती मापे तीनच असण्याची. समजा, एखाद्या विद्यापीठाला २,००० संगणक जोडायचे आहेत. सी वर्गाच्या नेटवर्कमध्ये २५४ संगणक मावतात, तर बी वर्गाच्या नेटवर्कमध्ये ६५,५३४. बी वर्ग दिला तर ६३ हजारांहून अधिक पत्ते पडून राहतात, आणि बी वर्गाची नेटवर्क जगभरासाठी मिळून १६,३८४ एवढीच होती. सी वर्गाची आठ नेटवर्क दिली तर एकाच संस्थेसाठी इंटरनेटच्या मुख्य राऊटरांच्या तक्त्यात आठ नोंदी कराव्या लागतात. १९९० च्या सुमारास ही दोन्ही दुखणी एकदमच वाढू लागली. १९८५ च्या आरएफसी ९५० ने संस्थेला मिळालेल्या नेटवर्कचे आतल्या आत सबनेट, म्हणजे लहान तुकडे, पाडण्याची सोय केली होती खरी, पण संस्थेबाहेरच्या जगासाठी वर्गाची सीमा तशीच राहिली होती.

सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ ने क्लासलेस इंटर-डोमेन राऊटिंग, म्हणजे सीआयडीआर, ही पद्धत मांडली आणि वर्गांचे बंधन काढून टाकले. तेव्हापासून सीमा कोणत्याही बिटावर येऊ शकते आणि ती पत्त्याबरोबर वेगळी सांगावी लागते : मास्कने, किंवा तिरप्या रेघेपुढे (स्लॅशनंतर) नेटवर्कच्या बिटांची संख्या लिहून. वरील विद्यापीठाला आता /२१ चा एक गट पुरतो : ३२ मधून २१ गेले की ११ बिट उरतात, त्यांतून २,०४८ पत्ते मिळतात, आणि नेटवर्कचा व ब्रॉडकास्टचा (नेटवर्कमधील सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा) असे दोन पत्ते वगळून २,०४६ संगणक जोडता येतात. मुख्य राऊटरात त्यासाठी नोंद लागते एकच. माझ्या मते या सुधारणेचा मोठा लाभ पत्त्यांच्या बचतीपेक्षा या एका नोंदीत आहे, कारण राऊटरांचे तक्ते आवाक्यात राहिले नसते तर उरलेले पत्ते असूनही उपयोगाचे नव्हते.

तुमच्या प्रयोगशाळेने १० च्या मोठ्या गटातील /२४ एवढा तुकडा घेतला आहे, म्हणून तेथे २५५.२५५.२५५.० हा मास्क आहे. विंडोजमध्ये १० ने सुरू होणारा पत्ता हाताने भरला की मास्कच्या रकान्यात २५५.०.०.० आपोआप येते. तो जुन्या नियमाने केलेला अंदाज असतो. आपल्या नेटवर्कचा खरा मास्क तेथे आपणच भरावा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात १९२.१६८.४.० पासून १९२.१६८.११.० पर्यंत /२४ ची सलग आठ नेटवर्क आहेत. मुख्य राऊटरात त्यांच्यासाठी १९२.१६८.४.०/२१ असा एकच मार्ग लिहायला गेलो तर तो स्वीकारला जात नाही. आठांचा गट /२१ मध्ये बसतो ना?

उत्तर : आठांचा गट बसतो, परंतु कोणत्याही सलग आठांचा बसत नाही. /२१ मध्ये तिसऱ्या आकड्याचे पहिले पाच बिट नेटवर्कच्या बाजूला येतात आणि एका गटातील सर्व पत्त्यांत ते पाच बिट सारखेच असावे लागतात. ४ म्हणजे ००००० १००, तर ८ म्हणजे ००००१ ०००. पहिले पाच बिट ७ नंतर बदलतात, त्यामुळे तुमची आठ नेटवर्क दोन वेगवेगळ्या गटांत पडली आहेत. राऊटरने आग्रह सोडून १९२.१६८.०.०/२१ असे लिहून घेतले असते तर ० ते ७ पर्यंतचा पट्टा त्यात आला असता : ० ते ३ तुमचे नसताना आत शिरले असते आणि ८ ते ११ बाहेर राहिले असते.

म्हणून १९२.१६८.४.०/२२ आणि १९२.१६८.८.०/२२ असे दोन मार्ग लिहावेत. पुढेमागे पत्ते नव्याने द्यायची संधी मिळाली तर ८ ते १५ हा पट्टा घ्यावा. तो आठच्या पटीत सुरू होत असल्यामुळे एका /२१ मध्ये नेमका मावतो. एकाच पत्त्याला दोन मार्ग लागू पडत असतील तर राऊटर अधिक लांब प्रिफिक्सचा, म्हणजे स्लॅशनंतरचा आकडा मोठा असलेला मार्ग निवडतो, हेही तक्ता लिहिताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मग वर्ग शिकवायचेच कशाला?

उत्तर : २२४ ते २३९ ने सुरू होणारा डी वर्गाचा पट्टा आजही मल्टिकास्टसाठी, म्हणजे एकच संदेश अनेक संगणकांच्या गटाला पाठवण्यासाठी, वापरात आहे आणि २४० पासून पुढचा पट्टा राखीव आहे, म्हणून तेवढा भाग माहीत हवाच. ए, बी, सी हे वर्ग मात्र इतिहास म्हणून आणि मास्क पक्का समजल्यानंतर शिकवावेत, असे मला मनापासून वाटते. १७२.२०.५.९ हा पत्ता कोणत्या वर्गाचा, असे परीक्षेत विचारले तर ‘बी’ हे उत्तर बिनदिक्कत लिहावे. तो कोणत्या नेटवर्कमधील आहे असे विचारले तर आधी मास्क पाहावा : /१२ असेल तर १७२.१६.०.०, /१६ असेल तर १७२.२०.०.० आणि /२४ असेल तर १७२.२०.५.०. मास्क दिलेलाच नसेल तर या दुसऱ्या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही.