पणजोबांच्या मागे कोण? वंशावळ शोधणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी माझ्या आजोळच्या वंशावळीबद्दल दोन पानं लिहिली काय, पत्रं आणि मेल यायचे थांबेनात. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं घेतलीयत. पहिलं जरा लांबलंय, पण बाकी निम्म्या लोकांचं गाडं त्याच ठिकाणी अडलंय म्हणून लांबू दिलं.

ताई, आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. आजोबा १९४० च्या आसपास मुंबईला गिरणीत लागले आणि नंतर गावाशी संबंध जवळजवळ तुटलाच. पणजोबांचं नाव रामा एवढंच माहितीय. गावच्या भावकीला फोन केला तर पहिला प्रश्न, "सातबाऱ्यावर नाव चढवायचंय का?" मग वंशावळवाल्यांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं, "आमच्या आडनावाची कुणाकडे माहिती आहे का", तर दोन महिन्यांत दोन थम्स अप. १९३१ चा एक फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याची नोंद, तेवढा मिळालाय, फोटो जोडलाय, पण त्यात उपयोगाचं काही दिसत नाही. आता काय करू? – एक वाचक, डोंबिवली

अहो, उपयोगाचं नाही कसं, खापरपणजोबा त्याच कागदात बसलेत की! फोटो मोठा करून बघा. लिहिलंय, "रामा बिन गोविंदा मयत, वारस बाबू बिन रामा, धोंडू बिन रामा अ.पा.क. आई पार्वती कोम रामा". "बिन" म्हणजे चा मुलगा आणि "कोम" म्हणजे ची बायको. म्हणजे रामाचे वडील गोविंदा, तुमची पणजी पार्वती, आणि "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, धोंडू तेव्हा सज्ञान नव्हते म्हणून आईचं नाव पालक म्हणून लागलं. तुमच्या आजोबांचं नाव धोंडूच ना? १९३१ ला लहान, १९४० ला गिरणीत, हिशोब जुळतो. आणि बाबू नावाचे एक थोरले चुलत आजोबा आहेत ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, त्यांची नातवंडं गावात असतील तर तुम्हाला फोनवर सातबाऱ्याचं विचारणारे बहुतेक तेच.

आता ग्रुपचं. दोन थम्स अप आले ही तुमची चूक आहे असं म्हणत नाही, पण प्रश्न असा होता की त्याला उत्तर काय देणार? एका आडनावाची दहा गावं असतात आणि कोकणात तर निम्मी आडनावं गावावरूनच पडलेली. तिथे जी माणसं बसलीयत ती आपापलं घराणं शोधता शोधता दुसऱ्याचं सांगणारी आहेत, त्यांना हाताला धरायला काहीतरी द्या. मी असं लिहीन: मौजे अमुक, तालुका राजापूर, वाडी अमुक. रामा बिन गोविंदा, मयत १९३१ किंवा आधी, मुलगे बाबू आणि धोंडू, बायको पार्वती. १९३१ च्या फेरफाराचा फोटो सोबत. गोविंदाच्या वडलांचं किंवा भावांचं नाव हवंय. बस. त्या गावावर काम केलेला एक जरी माणूस तिथे असला तरी तो आपली वही काढतो, कारण तुम्ही त्याला बाबू आणि धोंडू आयते दिलेत आणि त्याच्या तक्त्यात कदाचित गोविंदापाशी जागा रिकामी पडलीय. मागायच्या आधी द्यायचं, या कामात बाकी काही चालत नाही.

कागदांचं म्हणाल तर फेरफार फार मागे जाणार नाहीत, मुंबई इलाख्यातला हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा. त्याच्या मागे जायला गाव नमुना १४ मागा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, असल्या तर. बाळाचं नाव त्यात बऱ्याचदा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे "मुलगा" नाहीतर "मुलगी". जुनी पानं मोडी लिपीत आणि हात लावला की तुकडे पडतात. शाळेचं जनरल रजिस्टर पण विसरू नका. काही तालुक्यांचे जुने कागद सरकारच्या आपले अभिलेख साइटवर स्कॅन करून ठेवलेत, घरबसल्या बघता येतात, आधी तिथे डोकवा आणि मगच रजा टाकून राजापूरला जा.

भावकीचा राग धरू नका. मुंबईकर अचानक वंशावळ विचारतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा मागे जमीन असते हे त्यांनी बघितलंय. फोन करू नका, शिमग्याला जा. पालखी वाडीत आधी कुणाच्या घरी येते, बारापाचात, म्हणजे गावच्या मानकऱ्यांत, मान कुणाचा, हे विचारलं की थोरलं घर कुठलं आणि धाकटं कुठलं ते आपोआप बाहेर येतं आणि वंशावळ हा शब्दही तोंडातून काढावा लागत नाही. आणि घरात महाळ कोण घालतं ते शोधा. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घ्यावी लागतात, त्यामुळे ज्याला स्वतःच्या नातवंडांची नावं पटकन आठवत नाहीत त्या म्हाताऱ्यालाही ही तीन पाठ असतात. आज ऐंशीचा माणूस असेल तर त्याचा पणजा म्हणजे थेट एकोणिसाव्या शतकात गेलात तुम्ही, एक कागद न उघडता.

एक धोक्याची गोष्ट. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे पद्धत, मग गणेशचा विष्णू, विष्णूचा गणेश, पुन्हा विष्णू. माझ्या माहेरच्या वंशावळीत मी दोन विष्णू गणेश एकच धरले आणि दोन पिढ्या गायब केल्या, वर तो तक्ता नीट छापून साठ नातेवाइकांना वाटला! सहा वर्षांनी माझ्यासारखीच शोधत असलेल्या एका लांबच्या चुलतबहिणीनं विचारलं, तुझा विष्णू चौऱ्याण्णव्या वर्षी बाप झाला का गं? तेव्हापासून प्रत्येक नावापुढे मी अंदाजे का होईना जन्मसाल घालते, आणि दोन पिढ्यांत पंधरापेक्षा कमी किंवा पन्नासपेक्षा जास्त अंतर पडलं की पेन खाली ठेवते. दत्तकाचंही तसंच, कागदावर बाप एक आणि जन्माचा बाप दुसरा, दोन्ही लिहा. दुसऱ्याचा तक्ता मिळाला तर तो उतरवून घेताना त्याला कुठला कागद आधाराला आहे ते पण विचारा, नाहीतर माझा तो साठ प्रतींचा घोळ अजून कुणाच्या तरी कपाटात खरा म्हणून बसलेला असेल.

आमच्याकडे ट्रंकभर मोडी कागद आहेत. एका कागदाचा फोटो मोडी वाचणाऱ्या तिघांना पाठवला, तिघांनी आमच्या पूर्वजाचं नाव वेगळं वाचलं. एकानं साल "सलास सबैन" सांगितलं आणि पुढे काहीच नाही. कुणाचं खरं धरू? – सातारा

आधी साल सोडवून टाकू, ते सोपं आहे. ते शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत चालायचं ते साल, आकडे अरबीत आणि उलटे म्हणजे एकंपासून. सलास तीन, सबैन सत्तर, पुढे बहुतेक "मया व अलफ" असणार, शंभर आणि हजार. झाले ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२. शुहूर साल मृगाला सुरू होतं त्यामुळे जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे थोरले माधवराव पेशवे गेले त्या सालचा कागद आहे तुमच्याकडे, ट्रंक जरा कोरड्या जागी हलवा! तारखेच्या आधी "छ" दिसेल, तो चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याचं नाव येईल.

नावाचं भांडण मात्र फोटोमुळे झालंय. तुम्ही मधल्या चार ओळी काढून पाठवल्यात. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतो आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लटकवत जातो, दोन शब्दांत जागा सोडत नाही, इकार उकाराचा ऱ्हस्व दीर्घ बघत नाही. त्यामुळे वाचणारा सुटं अक्षर वाचतच नसतो, त्या लेखकाचा हात वाचतो. अख्खं पान पाहिजे, वरच्या श्री पासून खाली मोर्तब सुद पर्यंत, पाठीमागची बाजू पण, कारण पाठीवर बऱ्याचदा दुसऱ्याच हातानं कुणाचा कागद आहे ते लिहिलेलं असतं. आणि तिघांनी एकमेकांचं वाचन बघितलं होतं का? पहिल्यानं काय वाचलं ते दुसऱ्याला सांगू नका, दोघांचं स्वतंत्र जुळलं तर धरा. त्याच पूर्वजाचं नाव ट्रंकेतल्या दुसऱ्या कागदात कसं लिहिलंय ते लावून बघा, माझं निम्मं काम तिथेच होतं.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेलं, आणि पेशवे दफ्तर असलेलं पुरालेखागार आहे. पण तिथे ट्रंक घेऊन जाण्याआधी स्वतः मोडी शिका असा माझा आगाऊ सल्ला. बाराखडी दोन-तीन आठवड्यांत येते. सफाईनं वाचायला वेळ लागतो, पण घरातली चार नावं आणि गावाचं नाव ओळखण्याएवढं लवकर जमतं.

(जाता जाता, बीडहून आणि परभणीहून पण पत्रं आलीत. तुमच्याकडे निजामाचं राज्य होतं त्यामुळे मोडीबरोबर उर्दू वाचणाराही लागणार, "बिन" ऐवजी "वलद" आणि "कोम" ऐवजी "जौजे" दिसेल आणि साल फसली सनातलं, म्हणजे महसुली वर्षाचं असेल, त्यात ५९० मिळवा. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली तेव्हापासून कितीतरी जुनी रजिस्टरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या साइटवर आलीयत. तुम्हाला दाखला काढायचा असो वा नसो, बघून घ्या.)

आमच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी हेळवी येतो, चोपडीतून आमच्या वंशाची नावं वाचतो, आई त्याला धान्य आणि लुगडं देते. भाऊ म्हणतो सगळं थापा असतं. खरं काय? – गडहिंग्लज

भावाला सांगा, पुढच्या वेळी चोपडी बघायला शेजारी बस. हेळव्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच घराण्यांची नावं ठेवत आलंय, कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात. पूर्वी बैलावर बसून यायचे. मूळ गाव कुठलं, तिथून उठून कुठे आलात, ही माहिती सरकारी दप्तरात कुठेच मिळत नाही, ती यांच्याकडे असते. अलीकडच्या चार-पाच पिढ्या तर फेरफाराशी ताडून बघता येतात आणि मी ताडल्या तेव्हा एका ठिकाणी दोन भावांचा क्रम उलटा होता, बाकी बरोबर. फार मागची, राजेरजवाड्यांपर्यंत नेणारी नावं मात्र मी तरी पेन्सिलनं लिहिते.

बायकांची नावं त्यात जवळजवळ नसतातच, मुली तर नाहीच नाहीत. ती भर तुम्ही घाला. आईला, मावश्यांना बसवून माहेरचं नाव आणि लग्नात बदललेलं नाव, दोन्ही लिहून घ्या, कारण एकाच बाईची दोन नावं पुढे दोन बायका होऊन बसतात. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत कधी कधी आलेल्या यजमानाची बायको, सून नावानं सापडते, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमची वही कुणाकडे आहे हे तिथले उपाध्ये सांगतात. आणि हेळव्याचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याला विचारून, आणि लुगड्यात काटकसर करू नका.

मालवणचा आहे मी. आमच्यातला एक जण बोटीत बसून गेला आणि आलाच नाही एवढंच घरात सांगतात. आता मॉरिशसहून एका मराठी कुटुंबाचा मेल आलाय, त्यांचा पूर्वज आमच्याच गावचा असावा म्हणतात. त्यांनी एक नंबर आणि गावाचं विचित्र स्पेलिंग पाठवलंय. फसवणूक तर नाही ना?

नाही हो, नंबर पाठवलाय म्हणजे ते व्यवस्थित शोधतायत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारावर मॉरिशसला नेले, बहुतेक उसाच्या कामाला. जास्त करून बिहारकडचे, पण मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यात आपल्या रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडचे लोक होते. पोर्ट लुईसला जिथे उतरवायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. उतरल्यावर प्रत्येकाला नंबर मिळायचा, रजिस्टरात बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, पुढच्या काळातल्या माणसांचे फोटोसुद्धा. तुमच्या पाहुण्यांनी तिथूनच काढलं असणार.

आडनाव जुळत नाही म्हणून लगेच नाही म्हणू नका. रजिस्टरात नुसतं नाव असायचं आणि तेच पुढे मुलांचं आडनाव झालं अशी कितीतरी घराणी तिकडे आहेत. बापाचं नाव आणि गाव जुळतंय का तेवढं बघा.

गावाचं स्पेलिंग म्हणजे मालवणी माणसानं सांगितलं, गोऱ्या कारकुनानं ऐकलं आणि जमेल तसं लिहिलं. ते डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर म्हणा. आणि त्यांना तुमच्या गावातल्या सगळ्या वाड्यांची नावं टाइप करून पाठवण्याऐवजी व्हॉइस मेसेज करा, गावात जशी म्हणतात तशीच म्हणून, हळू, दोनदा.