छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या क्राफ्ट बिअर फेस्टिवलला पहिल्यांदाच जातोय. काय काय चाखावं?

आपल्या वाळूज-चिकलठाण्यात बनते ती बहुतेक लागरच, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली नेहमीची बिअर, तेव्हा तिथं लागरवर पैसे घालू नका. सुरुवात विटबिअरने करा. गव्हाची, हलकी, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, आणि धण्याचा वास आपल्या नाकाला लगेच सापडतो. मग हेफेवाइझन, म्हणजे गव्हाचीच जर्मन बिअर. तिचा केळी-लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, वरून काही घातलेलं नसतं. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडवट बिअर, त्यानंतरच, कारण हॉप्सचा (एका वेलीच्या फुलांचा) कडवटपणा जिभेवर बसला की हलक्या बिअरची चव कळतच नाही. शेवटी स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर. अख्खा ग्लास नको, छोटं सॅम्पल मागा, मधे पाणी प्या. जेवून जा. वय 21 पूर्ण हवं, ओळखपत्र सोबत ठेवा. आणि रात्री गाडी चालवत परत यायचं मनातही आणू नका, मुक्काम करा.