बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्यापूर्वी

भायखळ्याला उपासनेस तुम्ही वर्षभर नेमाने येत आहात, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीची साक्ष तुम्हाला पटली आहे आणि म्हणून लगेच बाप्तिस्मा घ्यावा असे तुम्हाला वाटते. परंतु पटणे आणि अंतःकरणाचा पालट होणे यांत बरेच अंतर आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. देव एकच आहे असा भुतांचाही विश्वास असून ती थरथर कापतात, असे बायबलमधील याकोबाच्या पत्रात म्हटलेच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि तरीही त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. (एवढ्या विदुषीची ही कथा, मग आपली काय!) येशूला भेटून पालटलेल्या जक्कय जकातदाराने तर काही वाद घातल्याचे दिसत नाही, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, एवढेच तो म्हणाला. तेव्हा वडिलांच्या पागडीच्या खोलीवरून ज्या धाकट्या भावाशी तुम्ही अबोला धरला आहे, त्याच्याकडे आपणहून जावेसे वाटते का, ते तपासून पाहा. वाटत नसेल तर पाळकसाहेबांना तसे स्पष्ट सांगा आणि तारीख पुढे ढकलण्यात कमीपणा मानू नका.